सुकाणूचे बोल्ट

आमच्या शिडाच्या होडीचं सुकाणू दुरुस्त करायचं होतं, तेव्हा मी कळंबोलीच्या दुकानदाराला दोनदा विचारलं, "खाऱ्या पाण्यात टिकतील ना हे बोल्ट?"

"आयुष्यभर," तो म्हणाला.

पावसाळ्यानंतर उरणहून दक्षिणेकडे निघालो, तर भर समुद्रात गंजलेला बोल्ट तुटला आणि सुकाणू लोंबकळू लागलं. मोबाइलला रेंज नव्हती. नवऱ्याने ते दोराने आवळलं, मी वल्ह्याने दिशा धरली आणि कसेबसे किनाऱ्याला लागलो.

पनवेलला घरी परतताच कळंबोलीला जाऊन तुटका बोल्ट मी त्या दुकानदारासमोर ठेवला.

"मॅडम, पाण्यात वापरलात तर गंजणारच."

माझं डोकं फिरलं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तो तुकडा दाखवत उभी राहिले. अखेर त्याने आतून चांगले बोल्ट आणून दिले. म्हणजे ते दुकानात होतेच. याचा मला जास्त संताप आला.