घोडीचा चीक

शिंगरू मातीत आडवं पडलं होतं आणि माझी धाकटी जाऊ त्याच्या आणि घोडीच्या मधे उभी होती. मी खाली बसून त्याच्या तोंडात बोट घातलं. आतून गार. कानही गार. सकाळी आम्ही पागेत पोचलो तेव्हा ते नुकतंच जन्मलेलं होतं, अंग ओलं होतं. थोड्या वेळाने ते उठलं, लटपटत आईच्या पोटाखाली गेलं, तर जावेने त्याचं तोंड धरून बाजूला केलं. पुन्हा उठलं, पुन्हा तिने बाजूला केलं. ऊन चांगलं वर आलं तरी तेच चाललं होतं, आणि आता ते उठतही नव्हतं. डोळा उघडा होता, पण त्यावर माशी बसली तरी पापणी हलत नव्हती.

घोडीच्या मागे वार, पोटातली शिंगराभोवतीची पिशवी, लोंबत होती. अर्धी बाहेर, अर्धी आत.

"वार पडल्याबिगर पाजायचं न्हाई," जाऊ म्हणाली.

आमच्या घरात म्हैस व्याली की हाच कायदा. वार पडेपर्यंत रेडकाचं तोंड सडाला लागू द्यायचं नाही, नाहीतर वार आत अडकते आणि म्हैस हातची जाते. सासूने आम्हा दोघींना एकाच वर्षी हे शिकवलं आणि आम्ही जन्मभर पाळलं.

मी म्हणाले, पाज. घोड्याचं मला काही कळत होतं म्हणून नव्हे. ती नको म्हणाली म्हणून मी पाज म्हणाले. तिने पाज म्हटलं असतं, तर मी बहुतेक वार पडू दे म्हणाले असते.

विचारायला दुसरं कोणी नव्हतं. पागा ज्यांची ते मास्तर तिथल्या गड्याला घेऊन लातूरला एक लंगडा घोडा आणायला गेले होते. त्यांचा फोन लागला, पण टेंपोच्या आवाजात 'डॉक्टरला पाठवतो' एवढंच ऐकू आलं आणि फोन तुटला. डॉक्टर नांदेडहून यायचे होते. तोवर आम्ही दोन म्हाताऱ्या, ती घोडी आणि ते शिंगरू.

ही पागा मुदखेडच्या अलीकडे आहे. मास्तर रिटायर झाले आणि त्यांनी आपल्या शेतात पत्र्याचं शेड घालून टाकून दिलेली घोडी ठेवायला सुरुवात केली. टांग्याचं एक म्हातारं, आंधळं. वीटभट्टीवर गाडी ओढून पाय गेलेली. वरातीत डांबरी रस्त्यावर नाचवून नाचवून खूर झिजलेली. आमच्या गावात सप्ताह संपला त्या दिवशी मास्तर देवळात उभे राहिले आणि म्हणाले, हात पाहिजेत, पगार नाही, चहा मिळेल. दुसऱ्या दिवशी मी गेले. प्राण्यांवर माझं प्रेम आहे असं काही नाही. जनावर दूध देतं नाहीतर ओझं ओढतं, आणि त्याबद्दल त्याला चारा घालायचा, एवढंच मला ठाऊक. मी गेले कारण तिथे माझी जाऊ नव्हती.

आमच्या दोघींचे नवरे सख्खे भाऊ. दोघेही आता नाहीत. घराची वाटणी झाली, पण अंगण एकच राहिलं. लग्न होऊन आल्यापासून म्हैस तिच्याच हाताला पान्हा घालायची. मी बसले की दूध चोरायची. मी पेंड घालायची, मी धुवायची, मी शेण काढायची, आणि धारेच्या वेळी सासरा पाहुण्यांसमोर म्हणायचा, मोठीला उठवा, धाकटीला बसवा. माझा नवराही तेच म्हणायचा. म्हशी बदलल्या, हे बदललं नाही. कोणी म्हणेल एवढ्याचं काय मनात धरायचं. ज्याला रोज पहाटे भरल्या कासेखालून उठवलं असेल त्याने मग बोलावं.

घोडं आमच्या दोघींच्याही माहेरी कोणी पाळलेलं नव्हतं. मला वाटलं, हे काम मी आधी शिकेन आणि हे माझं राहील. लीद उचलायला शिकले. हरभऱ्याचा तोबरा तोंडाला बांधायला शिकले. खरारा करताना मागून जायचं नाही, हे एक लाथ खाऊन शिकले. एक चूक मात्र झाली. आंधळा घोडा दिवसभर रवंथ करत नाही हे माझ्या लक्षात आलं, आणि मी काळजीने मास्तरांना सांगायला गेले की हे आजारी आहे. मास्तर हसले. घोडं रवंथ करतच नाही, म्हणाले. मी ते घरी सांगितलं, इथे माझंच डोकं फिरलं होतं. जावेने ते साऱ्या आळीला सांगितलं. बाया मला विचारायला लागल्या, काय हो, घोडा बरा आहे का, खाल्लेलं तोंडात आलं का.

मग एक दिवस ती माझ्याबरोबर ऑटोत येऊन बसली. घरात एकटीला करमत नाही म्हणाली.

तेव्हा ही घोडी नवी आलेली होती. पांढरी, वरातीची, तोंडाला लगामाच्या जखमा. माळेगावच्या जत्रेत कोणी घेईना म्हणून मास्तरांनी आणलेली. पोटात शिंगरू आहे हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. ती चावायची. मी रोज हातात गूळ घेऊन लांब उभी राहायची आणि ती कान मागे पाडून माझ्याकडे बघायची. मी म्हटलं, हरकत नाही, महिना लागेल, दोन लागतील. जाऊ पहिल्याच दिवशी तिच्याजवळ जाऊन गप्प उभी राहिली. हातात काही नव्हतं. घोडीने मान लांबवली आणि तिच्या खांद्यावर तोंड ठेवलं.

मी त्या रात्री जेवले नाही. पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

मास्तर मला म्हणाले, मावशी, तुमच्या जावेच्या हातात काहीतरी आहे. मी म्हणाले, हो, खाज आहे. ते पुन्हा हसले. त्यांनी घोडी तिच्याकडे दिली आणि मला आंधळा घोडा. त्याला कोणाचाही हात चालायचा.

तर त्या सकाळी मी जावेला म्हणाले, ही म्हैस नाही.

"व्याली म्हंजे व्यालीच की," ती म्हणाली. "पोट सगळ्यायचं सारखंच. अन् घोड्याला रवंथ करा म्हणणाऱ्यानं मला शिकवू नये."

मी तिच्याशी बोलणं सोडलं. शिंगराच्या पोटाखाली हात घातले आणि त्याला उचलायला गेले. हलकं वाटतं, पण नुसते पायच पाय. त्याला ओढत दोन हात पुढे नेलं तोच घोडीने वळून माझा दंड धरला. पोलक्यावरून धरला म्हणून मांस निघालं नाही. मी शिंगरासकट खाली बसले. जावेने घोडीच्या नाकाला हात लावला आणि घोडीने मला सोडलं. तेवढ्यानेच सोडलं.

दंड ठणकत होता. मी शिंगराच्या छातीवर हात ठेवला. श्वास चालू होता, पण मोजायला लागलं की मधेच थांबल्यासारखा वाटायचा. रेडकं अशी गेलेली मी पाहिली आहेत. आधी कान गार पडतात, मग पाय, मग ती कोणाला त्रास देत नाहीत. हे त्याच रस्त्याला लागलं होतं आणि माझ्या हातात काही नव्हतं. घोडी मला जवळ येऊ देणार नव्हती. सगळ्या जगात एकाच बाईला येऊ देणार होती.

मी म्हणाले, "पाजू नको. पिळ. सासूनं तोंड लावू नका म्हणलं होतं. हात लावू नका असं कधी म्हणली न्हाई."

जावेने घोडीकडे बघितलं. मग म्हणाली, "तुम्हीच पिळा की. तुम्हाला एवढी घाई हाय तर."

तिला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे.

"माझ्या हाताला न्हाई देणार," मी म्हणाले. "तुझ्या हाताला देती."

"काय म्हणलात अक्का? ऐकू न्हाई आलं."

पागेत चिमणीसुद्धा ओरडत नव्हती.

"तुझ्या हाताला देती. पहिल्यापासून."

"म्हैस बी?"

"म्हैस बी," मी म्हणाले. "आता बस."

तिने पदर खोचला आणि घोडीच्या पोटाशी बसली. मी चहाचं पातेलं दिलं. घोडीची कास मांड्यांच्या आत लपलेली, सड दोनच आणि एवढेसे. मूठ बसत नाही, दोन बोटं आणि अंगठा एवढंच. जावेला आधी जमेना. मग ती म्हशीपाशी काढायची तोच आवाज काढायला लागली, हो बाई, हो बाई, आणि घोडीने मागचा एक पाय सैल सोडला. पातेल्यात धार वाजली. मी तो आवाज ओळखते. माझ्या हाताखाली तो कधी असा वाजला नाही. तिथे, त्या वेळीही, माझ्या छातीत जाळ झाला. तो झाला तर झाला. मी पातेलं घेतलं.

चीक पिवळा होता, म्हशीच्या चिकासारखाच, बोटाला चिकटणारा. शिंगराचं डोकं मांडीवर घेऊन मी पदराचं टोक त्यात बुडवलं आणि त्याच्या तोंडात पिळलं. पहिला घोट ओठातून बाहेर आला. दुसराही. मग मी त्याचा गळा खाली चोळला आणि तो हलला, गिळल्याचं कळलं.  ती काढत होती, मी पाजत होते. पातेलं रिकामं व्हायच्या आत त्याने माझं बोट ओढायला सुरुवात केली. तोंड गरम झालं होतं. घोडी वाकून चाटत होती ती जावेची पाठ.

दुपारी डॉक्टर आले. घोडीला सुया दिल्या, बाटली लावली. शिंगराला तपासून म्हणाले, याला कोणी पाजलं? जाऊ म्हणाली, म्या काढलं. ते खोटं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, छान केलंत मावशी, शिंगराचं सगळं पहिल्या चिकावर असतं, उशीर झाला की पुढे कितीही पाजून उपयोग नाही. मग म्हणाले की घोडीला वार अडकणं म्हशीपेक्षा फार वाईट, विष लगेच अंगात भिनतं. जन्मल्या जन्मल्या शिंगरू सडाला लावलं असतं तर वार सुटायलाही मदत झाली असती.

मी गप्प बसणारी नाही. मी सांगितलं, हिनेच अडवलं होतं. पिळायला मी लावलं.

डॉक्टर म्हणाले, "खेड्यात सगळेच अडवतात. काढलं ते महत्त्वाचं."

मला सांगितल्याचं समाधानसुद्धा मिळालं नाही. संध्याकाळी मास्तर लंगड्या घोड्याला घेऊन आले आणि त्यांनी जावेचा आणि शिंगराचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. तो रेणापूरपर्यंत पोचला, तिच्या माहेरच्यांचे दोन दिवस फोन चालले होते. त्यात माझा एक हात दिसतो, शिंगराची मान धरलेला.

घोडीला ताप चढला. वार पडली, पण तुकड्यांनी. खूर तापले, तिला उभं राहवेना. जाऊ तिच्या डोक्याशी बसायची, घरी चल म्हटलं तरी उठायची नाही. मी थोड्या अंतरावर बसायची, कारण ऑटो एकच होती. शेवटच्या दिवशी घोडीने तिच्याकडेच तोंड केलं होतं. मला तेव्हा वाईट वाटलं. कशाचं वाटलं ते मला चांगलं माहीत आहे, आणि ते सगळं घोडीचं नव्हतं.

त्यानंतर एकदा मी चुलीपाशी भाकरी थापत होते. जाऊ अंगणातून आली, उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "अक्का, माझ्यामुळं गेली का हो ती?"

हो म्हणायची संधी होती. जन्मभर मी अशाच संधीची वाट बघितली होती. तव्यावरची भाकरी उलटली आणि मी म्हणाले, "मला काय ठाऊक. मी डॉक्टर हाय का?" तिने मान हलवली. मी तिला भाकरी वाढली, ती खाऊन ती गेली.

शिंगरू शेळीच्या दुधावर ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं तसं दूध मी तयार करायची आणि बाटलीने जाऊ पाजायची. मी पाजून बघितलं, पितं ते, पण डोळे तिच्याकडे लावून पितं. तिच्या मागे मागे शेडभर फिरतं. तिच्या लुगड्याचा पदर चघळतं. मी आंधळ्या घोड्याला खरारा करते आणि बघते.

घोडी मेली. शिंगरू जगलं.