पाड्याने दिलेला निरोप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, चळवळीच्या शिबिरातल्या सोबत्यांना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. मी पत्रकं लिहिणारी बाई. दुसऱ्याचं खोटं मोठ्या अक्षरांत छापायचं, चौकात उभं राहून वाटायचं — हेच करत आले. स्वतःचं लिहायला घेतलं तेव्हा कळलं, मला साध्या अक्षरांत लिहिताच येत नाही.

पाड्यापासून सुरू करते. तानसा धरणाच्या अंगाला, जंगलाच्या कडेला आमचा पाडा. 'आमचा' म्हणायची सवय लागलीय. मी राहते आसनगावला, वडील नोकरीवाले, घरात नळ. पाड्याला लागून मुंबईच्या पाण्याचा पाइप जातो. एवढा मोठा, की त्याच्या सावलीला शेळ्या बसतात. आणि उन्हाळ्यात पाड्यावरच्या बाया सुकलेल्या नाल्यात खड्डा खणतात, पाणी झिरपायची वाट बघतात, वाटीवाटीने हंडा भरतात. वाचून संताप येतो ना? मलाही आला होता. तो संताप खरा होता.

बुधीमावशीचं घर पाड्याच्या टोकाला. तिचा एकुलता एक मुलगा काळूराम — कामाचा, निर्व्यसनी, लाजरा. त्याचं लग्न जमत नव्हतं. मुलात खोट नव्हती, पाड्यात होती. पाणी नाही त्या पाड्यावर मुलगी कोण देणार? शेवटी मुरबाडच्या पलीकडची एक सोयरीक आली. मुलीला मुलगा पसंत, मुलीच्या बापाला घर पसंत. पण बाप उठताना म्हणाला, "पाइपला तोटी लागली का आमची पोर आली. तवर थांबतो आमी. पन लय नाय थांबनार."

त्या तोटीसाठी विधेयक होतं. धरणाच्या शेजारच्या गावापाड्यांना धरणाच्या पाण्यात पहिला वाटा, एवढंच त्यात म्हटलेलं. ते अण्णांनी मांडलं होतं. अण्णा म्हणजे आमचे तेव्हाचे आमदार, विरोधी बाकांवरचे, मूळचे मुरबाडकडचे शेतकरी. मंत्र्याचं विधेयक हमरस्त्याने जातं. साध्या आमदाराचं तसं नसतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. त्याला शुक्रवारची दुपार मिळते, जेव्हा निम्मे आमदार गावाकडे निघालेले असतात. त्यातही कुणाचं आधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. एका अधिवेशनात अण्णांची चिठ्ठी निघालीच नाही. पुढच्या वेळी निघाली, तर खर्चाचा प्रश्न निघाला — सरकारी तिजोरीला हात घालणारं विधेयक, त्याला राज्यपालांची शिफारस हवी. ती येईपर्यंत अधिवेशन संपलं. दर वेळी अण्णा पाड्यावर येऊन झालेलं सगळं सांगायचे. बुधीमावशी एकदा म्हणाली, "लाइटचं बिल न बोलावता येतं अण्णा, नि तुमचं हे बिल बोलावून येत नाय." अण्णा इतके हसले की खोकला लागला त्यांना.

मग एकदा त्यांनी सगळ्यांना बसवून समजावलं. आता चर्चा होणार. पण सभागृह फाटलंय — निम्मं इकडे, निम्मं तिकडे, सरकार काठावर, आणि वरच्या सभागृहात गणित आणखी वेगळं. "मत मागितलं ना, का जो तो आपल्या पक्षाच्या बाकावर जाऊन बसतो," अण्णा म्हणाले. "आपल्याच जिल्ह्यातले त्यांच्या बाजूचे दोघं-तिघं हायत, त्यांच्या पन गावांना पानी नाय. पन पक्षाच्या इरुद्ध हात वर केला तर त्यांची आमदारकी जाईल. त्यांना दुसरी वाट दिली पायजे. दोन्ही सभागृहांची समिती नेमली, बिल तिकडं धाडलं, तर तिथं हे बाक नसतात. एका टेबलाला बसतात सगळे. बिल पातळ होईल थोडं. सगळं नाय मिळायचं. पन जितं राहील."

मला हे मुळीच पटलं नाही. मी तिथेच म्हणाले, समिती म्हणजे पुरण्याचा खड्डा, वर फक्त हार घालायचे. अण्णा म्हणाले, "असंल पोरी. तुझं पन खोटं नाय. मी माझ्या मनानं नाय ठरवनार. पाड्यानं ठरवावं." पाड्यावर फोनला रेंज नाही. तेव्हा असं ठरलं की पाड्याने बसून विचार करावा आणि चर्चेच्या दिवशी मी मुंबईला जाईन तेव्हा निरोप माझ्याबरोबर द्यावा. का माझ्याबरोबर? कारण मी शिकलेली. कारण मी त्यांची होते.

पाडा बसला. भांडण झालं, एकमेकांच्या शेळ्यांपर्यंत गेलं, परत पाण्यावर आलं. मी तावातावाने बोलले. सगळ्यांनी ऐकून घेतलं — ते नेहमीच ऐकून घेतात. शेवटी बुधीमावशी बोलली. "पोरी, तू बोलतेस ते ऐकाया बरं वाटतं. पन आमाला हंडाभर नाय तर कळशीभर चालंल. समिती तर समिती. मरू देऊ नको म्हनावं त्याला." कुणीच विरोध केला नाही. उठताना काळूरामने मला हळूच विचारलं, "ताई, समितीला किती टाइम लागतो?" मी म्हणाले, माहीत नाही रे.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं.

त्या शुक्रवारी मी विधानभवनात गेले तेव्हा माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. आदल्या दिवशी छापलेला. मथळा माझा — 'समिती म्हणजे थडगं'. पाड्याचा निर्णय झाल्यावर छापला होता का? हो. छापखान्यात जाऊन थांबवता आला असता का? हो. मला वाटत होतं, समितीची वेळच येणार नाही; मंत्री सरळ नाकारतील, माझं पत्रक खरं ठरेल, आणि पाड्याचं काय ठरलं होतं ते कुणी विचारणारच नाही. माझ्यासोबत शिबिरातले दोघे होते. त्यांनी तो मथळा वाचून माझी पाठ थोपटली होती.

पण मंत्री नाही म्हणाले नाहीत. सभागृह जवळजवळ रिकामं. मध्येच सदस्य पुरेसे नाहीत म्हणून घंटा वाजली, चार-दोन जण पान चघळत आत आले. अण्णा बोलले, मंत्री बोलले, आणि मग अण्णा बाहेर लॉबीत आले. घाईत होते. चेहरा उजळलेला — तो चेहरा मला विसरता येत नाही. "मंत्री समितीला तयार हायत. आपले ते दोघं-तिघं पन बोलले, समिती असेल तर आमी आडवे येत नाय. तरी पाड्याला इचारल्याशिवाय नाय करनार मी. काय सांगितलंय पाड्यानं?"

मी म्हणाले, "समिती नको म्हणतात. मत घ्या."

किती सहज आलं ते तोंडातून. माझे सोबती बाजूला उभे होते. पिशवीचा बंद खांद्याला रुतत होता.

अण्णा म्हणाले, "बुधी पन?"

"बुधीमावशी पण."

हे माझं खोटं. एवढंच. पहिलं वाक्य तत्त्वासाठी बोलले असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगू शकले असते. पण हे दुसरं? एका बाईचं तोंड मी वापरलं, आणि तिने जे म्हटलं होतं त्याच्या नेमकं उलटं बोलायला वापरलं.

अण्णा आत गेले. वर गॅलरीत बसून मी बघितलं. त्यांनी मत मागितलं. आवाजी मतदानात नाहीचा आवाज मोठा आला, तरी अण्णांनी मोजणी मागितली. आमच्या जिल्ह्यातले ते दोघं-तिघं उठले, खाली मान घालून आपल्या बाजूला गेले. एकाने तर जाताना अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. विधेयक पडलं. लगेच पुढच्या विधेयकाचं नाव पुकारलं गेलं. पडलेलं विधेयक तसंच्या तसं लगेच पुन्हा आणता येत नाही. आणता येईल तोवर त्या विधानसभेची मुदतच संपत आली होती. हे सगळं अण्णांनी पाड्याला आधीच सांगितलेलं. मीही ऐकलेलं.

मग मी पाड्यावर गेले. सगळे जमले. काय झालं, ताई? तिथे तरी सांगता आलं असतं ना — की मीच चुकीचा निरोप दिला? शिव्या बसल्या असत्या. बुधीमावशीने तोंड फिरवलं असतं. बसल्या असत्या तर बसल्या असत्या. मी म्हणाले, "मंत्री समितीला तयार होते. अण्णांनीच ऐकलं नाही. मत मागितलं. पेपरात नाव यायला हवं होतं त्यांना."

ठरवून नव्हते गेले. बोलता बोलता झालं. पण त्यानंतर पत्रक लिहिलं, ते ठरवून लिहिलं. 'आमदारांनी पाणी घालवलं.' पाड्यापाड्यांवर वाटलं. आटगावच्या स्टेशनाबाहेर वाटलं. लोकांनी घडी घालून खिशात ठेवलं.

अण्णा पाड्यावर आले. यावंच लागलं असणार त्यांना. बुधीमावशीच्या ओट्यावर बसले. आमच्याकडे आल्यागेल्याला नाव विचारायच्या आधी पाणी देतात. उन्हाळ्यात, खड्ड्यातलं, वाटीवाटीने साठवलेलं असलं तरी देतात. बुधीमावशी दारात उभी राहिली. तिच्यामागे भरलेले हंडे दिसत होते. म्हणाली, "पानी नाय घरात."

अण्णा म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "पाड्याचं ठरलं तसंच केलं मी, मावशी."

"कुनाचं ठरलं?" ती म्हणाली.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी — मी पुढे होऊन म्हणाले, "जाऊ द्या अण्णा, आता जुनं उकरून काय होणार? लोक आधीच दुखावलेत." लोक हरल्यावर फिरतात, असं वाटलं असेल त्यांना. उठून गेले.

निवडणुकीत ते पडले. नवीन सभागृह आलं, त्यात ते विधेयक कुणी मांडलं नाही. मुरबाडच्या पलीकडच्या त्या माणसाने मुलगी दुसरीकडे दिली. वाईट बोलला नाही, फक्त निरोप धाडला. काळूराम भिवंडीला गोदामात कामाला गेला, तो तिकडचाच झाला. सणाला येतो. लग्न केलेलं नाही. बुधीमावशी आता एकटीच खड्ड्यावर जाते. तिच्या वयाच्या बाईला पुढे नंबर देतात, एवढीच सवलत.

अण्णा मला एकदा मुरबाडच्या बाजारात भेटले. हातात मेथीच्या जुड्या होत्या. माझ्या आईची चौकशी केली. मग म्हणाले, "एक इचारू का गो? राग नाय मानायचा. पाडा खरंच बोलला होता का, समिती नको म्हनून? लय दिवस डोक्यात हाय." भोवती गर्दी होती, पण आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ना सोबती, ना पत्रक. कुणापुढे मिरवायचं नव्हतं. आणि ते रागावले नसते — हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी म्हणाले, "हो अण्णा."

"मग ठीक हाय," ते म्हणाले. "मग मी त्यांचंच ऐकलं."

यंदा पावसाळ्यात ते गेले. दहाव्याला पाड्यावरून कुणीही गेलं नाही. मी गेले, मागे बसले, जेवून आले. दुसऱ्या दिवशी बुधीमावशीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले तिचे.

"गेला का," ती म्हणाली. "मानूस वाईट नवता गो. खाली बसून बोलायचा आमच्यासंग. पन ऐन टायमाला आमचं ऐकलं नाय त्यानं. नाय का?"

मी म्हणाले, "नाही ऐकलं, मावशी."

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मीही तिच्या शेजारी बसून खडे काढू लागले.