टाळ्यांपाशी तोडलेलं भाषण

लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो, तेव्हा जावई बेसबॉलच्या हंगामातला पहिला सामना दाखवायला घेऊन गेले. सामन्याआधी सगळ्यांना उभं केलं आणि भल्यामोठ्या पडद्यावर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या एका नेत्याचं जुनं, गाजलेलं भाषण लावलं. त्या नेत्याला पुढे गोळ्या घातल्या होत्या. आवाज ऐकून अंगावर काटा आला. भाषणात टाळ्या पडल्या तिथेच ते तोडलं आणि लगेच थंडगार बिअरची जाहिरात लागली. अहो, या शब्दांपायी माणूस जिवानिशी गेला होता! आपल्याकडेही जयंतीला डीजेच्या दोन गाण्यांमध्ये असंच भाषण वाजतं. तेव्हा कसं काही वाटत नाही?

"बसून घ्या, खेळ सुरू होतोय," निवेदक म्हणाला. सगळं मैदान बसलं. मीही बसलो.

शेजारच्या कृष्णवर्णीय आजी तेवढ्या उभ्याच राहिल्या.

"भाषण संपलेलं नाही," त्या मला म्हणाल्या. "मी तिथे होते, वडिलांच्या खांद्यावर. टाळ्या थांबल्यावर हे नेते पुढे म्हणाले होते, आता घरी जाऊन गप्प बसू नका."

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, बसा की खाली! खेळ दिसत नाहीये."