मीटिंगमधली मान

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी चहा घ्या आणि ऐका. मी आयुष्यात पुष्कळदा माती खाल्ली आहे, पण बायकोच्या मेंदूच्या सर्जनसमोर खाल्ली तशी कधीच नाही.

जपानात तो मोठा भूकंप होऊन गेला आणि पाठोपाठ माझं पुण्याहून नागोयाला पोस्टिंग झालं, गाड्यांच्या कारखान्यात. घरचे म्हणत होते, नका जाऊ, तिकडे जमीन हलते. आम्ही दाराशी बॅग भरून ठेवली. टॉर्च, पाणी, बिस्किटं. आणि संकट आलं कुठून? मंजिरीच्या डोक्यातून. डोकं सारखं दुखतं म्हणून तपासणी केली, तर मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आलेला. फुटला की संपलं. त्यासाठी बॅगेत काय भरायचं, सांगा ना!

सर्जननं दोघांना बोलायला बोलावलं. कवटी उघडून फुग्याला चिमटा लावायचा, की मांडीतून तार घालून तो आतून भरायचा, हे ठरवायचं होतं. मंजिरीला जपानी येत नाही, म्हणजे बोलणार मी. यशाचं प्रमाण, अपयशाची कारणं, सगळे प्रश्न जपानीत घोकून काढले. तिचा एकच प्रश्न होता. फुगा बोलण्याच्या भागाशेजारी आहे म्हणतात, तर शुद्धीवर आल्यावर मला मराठी येईल ना?

"असलं नसतं गं विचारायचं सर्जनला," मी म्हणालो. "टेक्निकल विचारायचं."

तिनं तपासणीचे कागद पिशवीत भरले.

आता आमच्या ऑफिसातली रीत सांगतो. मीटिंगमध्ये साहेब बोलत असले की दर वाक्याला मान डोलवायची. मी ऐकतोय, एवढंच त्यातून कळवायचं. भर मीटिंगमध्ये प्रश्न काढायचे नाहीत. काय ठरलं ते नंतर कॉफीच्या मशीनपाशी शेजारच्या टेबलावरच्या सातो-सानला, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सातोरावांना, विचारायचं. माझी नोकरी खरं म्हणजे सातो-सानच्या जिवावर चालली होती.

सर्जन शांत माणूस. त्यानं फोटो दाखवत बोलायला सुरुवात केली. रक्तस्राव, पक्षाघात, मृत्यू, एवढे शब्द कळले आणि तिथंच माझं जपानी आटलं. पण मान? ती सवयीनं चालूच. मी डोलतोय हे बघून मंजिरीचा चेहरा सैल होत गेला. बिचारीला वाटलं, सगळं उत्तम चाललंय.

मग तो थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. मी मान डोलावली. त्यानं तेच पुन्हा, आणखी सावकाश विचारलं. या वेळी मला कळलं, पण तोवर मान आणखी खोल जाऊन आली होती.

"काय विचारतायत?" मंजिरी कुजबुजली.

"डोकं उघडायचं की मांडीतून जायचं."

"मग तू काय सांगितलंस?"

"हो म्हटलं."

सर्जननं विचारलं, काही प्रश्न? घोकलेला एकही आठवेना. खोटं नाही सांगत, त्या खोलीत माझे डोळे सातो-सानला शोधत होते. परक्या देशात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

शेवटी मंजिरीनंच तिचा प्रश्न विचारला, इंग्रजीत. मला मराठी येईल ना?

सर्जननं पेन खाली ठेवलं. खात्री देता येत नाही, म्हणाला. मग एकेक इंग्रजी शब्द जुळवत त्यानं सगळं पहिल्यापासून परत सांगितलं, पण तिला. तार घालणं बरं, असं त्याचं मत पडलं. तिनं हो म्हटलं, तोंडानं.

मग तो माझ्याकडे वळला. "शुद्धीवर आल्यावर यांचं मराठी तपासायला आमच्याकडे कुणी नाही. तुम्हीच शेजारी बसून यांच्याशी बोलायचं. जमेल ना?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. घसा असा दाटून आला होता की आवाजच फुटेना. मग काय केलं असेल मी? डोलावली मान.