भोंग्यावर घेतलेलं नाव

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. कबूल? खोटारडे आहात सगळे! बरं, चहा घ्या आणि ऐका.

साठ-बासष्टचा सुमार असेल. माझं नुकतंच लग्न झालेलं. मालवणजवळच्या खेड्यातून उठून मी थेट घाटकोपरच्या चाळीत आले होते. पाडवा झाला आणि मैदानात आनंदमेळा लागला. आकाशपाळणा, मौत का कुआँ, हसवणारे आरसे, काय विचारू नका!

सासूबाई म्हणाल्या, "सुनेक तासभर फिरवून हाडूया." आम्ही तिघं निघालो.

गर्दी म्हणाल तर अख्खी मुंबई तिथेच लोटलेली. मी आरशांपुढे थांबले. एका आरशात मी इतकी लठ्ठ दिसत होते की बघतच बसले. मागे वळते तो काय, हे नाहीत आणि सासूबाईही नाहीत!

एकटी घरी जाणार कशी? तीन नंबरची खोली आणि जिन्याखाली नळ, एवढाच मला माझा पत्ता ठाऊक. कुणीतरी मला भोंग्याच्या मांडवात नेऊन उभं केलं.

"बोला वहिनी, मिस्टरांचं नाव काय?" माईकवाल्याने विचारलं.

झाली का पंचाईत! नवऱ्याचं नाव कसं घेणार? तेही भोंग्यावरून? सासूबाईंनी ऐकलं तर काय म्हणतील?

"आमचे हे," मी म्हटलं.

"हे म्हणजे कोण?"

"तीन नंबरच्या खोलीतले."

"कुठली चाळ?"

"नळ आहे ती."

त्याने कपाळाला हात लावला. "घाटकोपरात बिननळाची चाळ दाखवा ना मला! बरं, दिसतात कसे?"

"पांढरा सदरा. बारीक मिशी."

भोंगा गरजला, "पांढरा सदरा, बारीक मिशीवाले, ताबडतोब या! मिसेस रडतायत!"

बघता बघता मांडवापुढे मिशांची रांग लागली! एक आजोबा तर मलाच विचारतात, "पोरी, मी चालेन का?"

मी रडकुंडीला आले आणि तिकडे बघायचंच सोडलं. मग एकदम सुचलं, अगं, उखाण्यात नाव घेतलेलं चालतं की! पदर सारखा केला, मान खाली घातली आणि माईक धरला.

"चैत्राच्या उन्हात पन्ह्याचा गार पेला,
मनोहररावांना शोधता जीव माझा अर्धा झाला!"

टाळ्याच टाळ्या! गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

आता खरं सांगते, मला जरा चढलीच.

"आकाशपाळणा फिरतो गरगरा,
मनोहरराव, आता यावं भराभरा!"

"वन्स मोअर!"

तिसरा म्हटला, तो घाईघाईत डोहाळजेवणाचा निघाला. लग्नाला महिना झाला नव्हता, आणि लोक शिट्ट्या वाजवायला लागले!

"वहिनी," माईकवाला म्हणाला, "जरा मान वर करा. तो वन्स मोअरवाला कोण आहे, बघा तरी."

बघते तर आमचे हे! आजोबांच्या मागे उभं राहून शेंगदाणे खातायत!

"अहो, कधी आलात?"

"मघाशीच, मिशांच्या रांगेतून. घरात तू नाव घेत नाहीस ना, म्हटलं इथे पोटभर ऐकून घेऊ."

माझं टाळकंच सटकलं. "मन्या मेल्या! इथे माझा जीव जातोय आणि तू दाणे खातोस?"

माईक चालूच होता. पाळण्यापासून मौतच्या कुव्यापर्यंत 'मेल्या, मेल्या' घुमलं. आणि तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सासूबाई आल्या. धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, असं झालं.

त्यांनी माईकवाल्याला बाजूला सारलं आणि भोंग्यावरूनच सांगितलं, "नाव बरोबर घेतलान हां सुनेन! मी पण तेका अशीच हाक मारतंय!"

सासूबाई सुटल्या, हेही सुटले. अडकले ती मी. तेव्हापासून चाळीत हळदीकुंकवाला सगळ्याजणींना उखाण्याचा आग्रह होतो. माझी पाळी आली की मात्र वाण हातात देतात आणि म्हणतात, "तुम्ही राहू द्या वहिनी, तुमचं सगळ्या घाटकोपरने ऐकलंय!"