तिसरं पातं

आधीच सांगतो, मला अशा गोष्टींचा रागच येतो. दुकानात कुणी भुताखेताचं काढलं की मी म्हणायचो, तुझी गाडी घे आणि चालता हो. आजही म्हणतो. तरी हे लिहितोय, कारण इतक्या वर्षांत माझा राग गेलेला नाही... आणि तो काढायचा कुणावर, हेही कळत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. बुलढाण्यात देऊळघाटच्या रस्त्याला आमचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिन्ही बाजूंनी पत्रा, पुढे एकच दार. दुकान थोरल्या भावाचं, दादाचं. मी त्याच्या हाताखाली शिकलेलो. धाकटा प्रल्हाद गाडी पळवायचा, आणि त्याला दुसरं काही सुचायचं नाही.

दादा आदल्या वर्षी गेला. बोथ्याच्या घाटात रेसच्या गाडीची ट्रायल घेत असताना इंजिन जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी अडकलं. इंजिनाचा असा चेंदा झाला होता की जाम कशानं झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि तरीही खामगावच्या मैदानावर रेस ठरल्याचं कळताच प्रल्हादनं नाव दिलं! आईनं अन्न सोडलं, मी तोंडाला येईल ते बोललो, पण पठ्ठ्या ऐकेना. शेवटी मी आईला शब्द दिला — इंजिन मी स्वतः बांधतो, दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही, ते जाम होणार नाही.

छोटंसं टू-स्ट्रोक इंजिन. पिस्टनची रिंग झिजलेली, म्हणून मुंबईहून नवी मागवली होती. एकच मिळाली. ही रिंग एका जागी कापलेली असते. इंजिन तापलं की ती फुगते, म्हणून त्या कापाच्या दोन तोंडांत थोडी फट ठेवावी लागते. फट मोजायचं हत्यार आमच्याकडे कुठलं? दादानं दाढीची पाती वापरायची रीत पाडली होती. रिंग सिलिंडरमध्ये सरकवायची आणि एकावर एक ठेवलेली दोन पाती फटीतून जेमतेम गेली की काम झालं. "दोनच पाती बे! फट वाढली का इंजिनाचा दम गेला," असं म्हणत त्यानं माझ्या डोक्यात टपल्या मारल्या होत्या. मी दोन पाती जातील इतपत रिंगेची तोंडं कानशीनं घासली, रिंग बसवली, सिलिंडर चढवला, नट आवळले. कुलूप लावलं आणि जेवायला घरी गेलो. घर हाकेच्या अंतरावर. किल्ली एकच, ती माझ्या करदोड्याला.

जेवून परत आलो. कुलूप जसंच्या तसं. दार उघडलं, तर सिलिंडर उतरवून बाजूला ठेवलेला. पिवळ्या फडक्यावर रिंग, तिचं तोंड दाराकडे. दादा रिंग अशीच ठेवायचा. फडक्यावर लोखंडाचा ताजा कीस. आणि शेजारी पाती. मी दोन ठेवून गेलो होतो... तिथे तीन होती.

माझं डोकंच फिरलं. प्रल्हाद मागून येत होता, त्याची कॉलर धरली.

"काऊन बे, इंजिन कोनं खोललं?"

"मले काय विचारतं भाऊ? मी तं तुयासंगच जेवून राह्यलो होतो."

खरंच होतं ते. आई वाढत होती आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून जेवत होतो.

मी रिंग सिलिंडरमध्ये घालून मोजली. तिन्ही पाती आरामात गेली. घासलेली रिंग काही पुन्हा वाढत नाही! दुसरी रिंग नाही, रेस उद्यावर. कुणा हलकटानं हे केलं म्हणून मी रस्त्यावर उभं राहून शिव्या दिल्या. आसपासचे दुकानदार म्हणाले, दारापाशी कुणी फिरकलंसुद्धा नाही. शेवटी तीच रिंग बसवली.

प्रल्हाद दुसरा आला. आणखी थोडा दम असता तर पहिला आला असता, म्हणून मी परतीच्या वाटेवरही धुमसत होतो. घरी आल्यावर तसाच इंजिन खोलायला बसलो, रिंग काढली आणि हात थांबला. रिंगेची दोन्ही तोंडं चकाकत होती. तापून फुगल्यावर ती एकमेकांना टेकली होती. तीन पात्यांची फट ठेवूनही टेकली होती... दोन पात्यांची असती तर रिंग अडकली असती, इंजिन जाम झालं असतं आणि प्रल्हाद दादाच्याच वाटेनं गेला असता.

म्हणजे रेसमध्ये इतकं तापणाऱ्या इंजिनाला दादाचीच रीत चुकीची होती. ती चूक त्याला मेल्यावर कळली का? मग जिवंतपणी माझ्या डोक्यात टपल्या कशाला मारल्या?

प्रल्हादच्या पोटात काही राहत नाही. त्यानं आईला सगळं सांगितलं. ती रडली नाही, घाबरली नाही. मला म्हणाली,

"दुपारी आला होता म्हनतं? आपन जेवत होतो तवा?"

"हाव."

"मंग घरी काऊन नाही आला रे?"



कुणी म्हणेल दुसरी किल्ली केली असेल. म्हणा. पण चोर काहीतरी घेऊन जातो, कुणाची रिंग घासून ठेवत नाही. इतकी वर्षं डोकं लावलं, उलगडा नाही. मी आजही रेसच्या गाडीला तीन पाती लावतो आणि दर वेळी संतापतो. रिंग घासायला त्याला वेळ होता. हाकेच्या अंतरावर आई होती, तिला तोंड दाखवायला नव्हता!

त्या दिवसापासून आई दुपारी आमचं जेवण झालं की एक भाकरी झाकून ठेवायची. अखेरपर्यंत ठेवली. संध्याकाळी ती गाईला घालायला मी घेऊन जायचो, आणि वाटभर दादाला शिव्या घालायचो.