चौथ्या पायरीचे कारण

भूमितीचे प्रमेय कसे लिहायचे, हे मला हैदराबादेत गौलीगुड्याजवळच्या मराठी शाळेत एका बाईंनी शिकवले. पानाच्या मधोमध उभी रेघ ओढायची. डावीकडे विधान, उजवीकडे कारण. कारण नसेल तर विधान लिहायचे नाही, मग ते कितीही खरे वाटो. पुढे मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवू लागले, आणि ती रेघ माझ्याबरोबर वर्गात आली.

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेप्रमाणे एका राष्ट्राने दुसऱ्याविरुद्ध बळ वापरायचे नाही, तशी धमकीही द्यायची नाही. याला अपवाद दोन. सुरक्षा परिषदेने तशी परवानगी दिली असेल तर; किंवा आपल्यावर सशस्त्र हल्ला झाला असेल आणि स्वतःचे रक्षण करायचे असेल तर. धडा इतकाच आहे. अर्ध्या तासात फळ्यावर मावतो. पस्तीस वर्षे मी तो दोन रकान्यांत मांडला आणि दर वर्षी, शेवटची ओळ लिहून खडू खाली ठेवताना, मला बरे वाटत आले.

निवृत्तीनंतरही मी आठवड्यातून दोन तास शिकवायला जात असे. त्या वर्षी वर्गात एक परदेशी विद्यार्थिनी होती. तिच्या देशाचे नाव मी लिहीत नाही. ती विद्यानगरच्या वसतिगृहात राहायची आणि रविवारी वाचनासाठी आमच्या तारनाक्याच्या घरी यायची. तिचे वडील सीमेजवळच्या एका गावात शाळेत गणित शिकवत. मी तिला दोन रकान्यांची पद्धत दाखवली तेव्हा ती हसून म्हणाली, "बाबांची वही अशीच असते, मॅडम." त्या दिवसापासून तिचे आणि माझे जमले.

यजमान रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. माझ्याशी ती इंग्रजीत बोले; ते मात्र तिच्याशी आपल्या हैदराबादी बोलीत बोलत आणि तिनेही ती उचलली होती.

"और एक इडली लेव, बेटा."

"नक्को अंकल. पेट फट जाता."

"हॉस्टेल में क्या खिलाते, सब मालूम मेरे कू. लेव."

"नक्को बोली ना!" असे म्हणून ती बशीवर पालथा हात धरी. या एका शब्दाचे तिला फार अप्रूप होते. तिच्या भाषेत नाही म्हणायला निदान तीन वाक्ये लागतात, असे ती म्हणे.

हिवाळ्यात तिच्या देशाच्या सीमेवर शेजारच्या राष्ट्राने सैन्य आणून उभे केले. आंतरराष्ट्रीय न्यायालयात दोन्ही देशांचा वाद आधीच चालू होता. न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, निकाल लागेपर्यंत कोणीही लष्करी कारवाई करू नये. त्यानंतरच्या रविवारी ती आली, पण तिने पुस्तक उघडले नाही.

"मॅडम, बाबांना निघायला सांगू का? मामाचं गाव सीमेपासून लांब आहे, दोन दिवसांचा रस्ता. पण मुलांची परीक्षा तोंडावर आलीय, म्हणून ते हलत नाहीत. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. माझ्यापेक्षा शिक्षकाचं जास्त ऐकतात."

याचे उत्तर एका शब्दात देता आले असते. मी कागद घेतला, मधोमध रेघ ओढली आणि वर लिहिले: साध्य – शेजारचे राष्ट्र हल्ला करणार नाही.

पहिली पायरी: दोन्ही राष्ट्रांनी बळ न वापरण्याचे मान्य केले आहे, कारण, दोघेही सनदेने बांधलेले आहेत. दुसरी: शेजाऱ्याला स्वसंरक्षणाचा आधार नाही, कारण, त्याच्यावर हल्ला झालेला नाही. तिसरी: न्यायालयाचा आदेश शेजाऱ्याला बंधनकारक आहे, कारण, त्याने न्यायालयाचा अधिकार स्वीकारला आहे. चौथी: शेजारी आदेश पाळेल, कारण, आदेश बंधनकारक आहे. खाली मी दोन रेघा मारल्या.

यजमान पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "अगं, सिग्नल लाल झाला म्हणून गाडी थांबलीच, असं नसतं. मी जन्मभर सिग्नल सांभाळले. ब्रेक ड्रायव्हरच्या हातात असतो."

"तुमची रेल्वे इथे आणू नका," मी म्हणाले.

"बरं. नाही आणत. गाडी मात्र येते."

तिने कागदाचा फोटो काढला, एकेका ओळीखाली स्वतःच्या भाषेत अर्थ लिहिला आणि वडिलांना पाठवला. उत्तर पुढच्या रविवारी तिने मला वाचून दाखवले.

"बाबा म्हणतात, मांडणी सुंदर आहे. पण चौथ्या पायरीचं कारण हे कारण नाही. तिसरी पायरीच पुन्हा लिहिली आहे. अर्धा गुण कापला." ती हसू आवरत होती. "पुढे म्हणतात, तरी एवढ्या शिकलेल्या बाई सांगतात, तेव्हा परीक्षा संपेपर्यंत थांबतो. मग मामाकडे जाईन."

आम्ही तिघेही हसलो. "त्यांना कळव, कापलेला अर्धा गुण मान्य आहे," असे मी म्हणाले. मला खरोखर आनंद झाला होता. कित्येक वर्षांत माझी मांडणी इतक्या लक्षपूर्वक कोणी तपासली नव्हती. त्यांनी चूक नेमकी दाखवली होती, आणि दाखवूनही ते माझ्या शब्दावर थांबले होते. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, हे मला त्या दिवशी सुचले नाही.

त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी हल्ला झाला. ती दिवसभर फोन लावत राहिली. सहा दिवसांनी मामांचा निरोप आला. वडील परीक्षेसाठी बाके लावायला लवकर शाळेत गेले होते. शाळेचा तो भाग उरला नव्हता.

हल्ल्याच्याच दिवशी शेजारच्या राष्ट्राने सुरक्षा परिषदेला एक पत्र दिले होते. स्वसंरक्षणासाठी बळ वापरले, तर परिषदेला ताबडतोब कळवावे लागते. नियम तसा आहे, आणि त्यांनी तो पाळला होता. ते पत्र मी मिळवून वाचले. आपल्यावर हल्ला होणारच होता, दुसरा उपाय उरला नव्हता, वापरलेले बळ गरजेपुरते होते: एकही पायरी गाळलेली नव्हती आणि प्रत्येक विधानापुढे कारण होते. उत्तरपत्रिका म्हणून ते माझ्यापुढे आले असते, तर मी त्याला चांगले गुण दिले असते. परिषदेत निषेधाचा ठराव आला. एका बड्या राष्ट्राने नकाराधिकार वापरला आणि ठराव पडला. हेही मी दर वर्षी शिकवत आले होते, धड्याच्या शेवटी, घंटा होण्याआधीच्या पाच मिनिटांत.

दोन रविवार ती आली नाही. तिसऱ्या रविवारी आली आणि नेहमीच्याच खुर्चीत बसली. यजमानांनी चहा आणून ठेवला आणि ते आत गेले. तो कागद माझ्या फायलीत होता. फाईल टेबलावर होती. ती काढून घ्यावी की तशीच असू द्यावी, हे मला ठरवता येत नव्हते. माझ्यामुळे ते थांबले, एवढे वाक्य मी तिच्यासाठी मनात तयार ठेवले होते. ते माझ्या तोंडून निघाले नाही.

तिने विचारले, "मॅडम, याचा जाब कोणाला तरी विचारता येतो का?"

प्रश्न आला की उत्तर द्यायचे, ही सवय जुनी आहे. मी सांगू लागले की, त्या न्यायालयात व्यक्तीला दाद मागता येत नाही, ती राष्ट्रालाच मागावी लागते. तिच्या सरकारने मागितली, तर आधी या हल्ल्याबाबत न्यायालयाचा अधिकार आहे की नाही हे ठरेल, त्याला काही वर्षे लागतील. मग आदेशाचा भंग सिद्ध करावा लागेल. भरपाईचा प्रश्न त्यानंतर. आणि निकाल पाळला गेला नाही, तर तो पुन्हा सुरक्षा परिषदेपुढे जाईल. बोलता बोलता मी कोरा कागद ओढला आणि मधोमध रेघ काढली.

तिने कागदावर पालथा हात ठेवला.

"नक्को, मॅडम," ती म्हणाली.

मी पेन्सिल खाली ठेवली. तिने चहा घेतला नाही. जाताना चप्पल घालायला ती दारात वाकली, तेव्हा यजमान आतून बाहेर आले आणि तिच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेले.